सीएनसी व्हीटीएलवर टीप आणि टूल बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मकरपुरा, पोर, वाघोडिया, मंजुसर अशा जीआयडीसींत (गुजरातच्या औद्योगिक वसाहतींत) व्हीटीएल, म्हणजे जॉब आडव्या फिरत्या टेबलवर धरून वरून कातणारा उभा लेथ, चालवणारी बरीच मराठी मुलं आहेत. टीप म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेला, बदलता येणारा कातणारा तुकडा; एक कोपरा झिजला की फिरवून दुसरा वापरतात. काही तरसाली किंवा गोरव्याच्या आयटीआयमधून आलेली, काही साध्या लेथवरून बढती मिळालेली. सुपरवायझर गुजरातीत सांगतो, मॅन्युअल इंग्रजीत असतं, आणि शंका रात्रपाळीत फोनवर मराठीत येतात. त्यातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. कंट्रोल फानुक पद्धतीचा धरला आहे. तुमच्या मशीनवर सीमेन्स असेल तर बटणं आणि कोड बदलतील, कातकामाचे नियम तेच राहतील.

१. साध्या सीएनसी लेथवर पाच वर्षं काम केलंय. व्हीटीएलवर टूल बदलण्यात वेगळं असं काय आहे?

तीन गोष्टी. पहिली, टूल वर लटकलेलं असतं आणि खाली टेबल, जॉब (कातायची वस्तू) धरणारे जॉ, टी-स्लॉटच्या खाचा. हातातून सुटलेली वस्तू नेमकी जिथून काढायला त्रास होतो तिथेच जाते (प्रश्न ५). दुसरी, झेड अक्ष उभा आहे. सगळा रॅम (टूल धरणारा उभा खांब) आपल्या वजनाने खाली यायला बघत असतो, त्याला ब्रेक आणि बॅलन्स सिलिंडर धरून ठेवतात. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे जॉब मोठा असतो, त्यामुळे एकच पास (टूलची जॉबवरून एक कातफेरी) इतका लांब चालतो की टीप त्या पासमध्येच संपू शकते. लहान लेथवर ‘हा नग झाला की बदलू’ म्हणता येतं. इथे पास सुरू करण्याआधीच ठरवावं लागतं. या पानावरच्या निम्म्या अडचणी हा निर्णय उशिरा घेतल्यामुळे झालेल्या आहेत.

ज्या मशीनमध्ये स्पिंडल वर आणि टूल खाली असतं, त्या उलट्या मशीनना पहिल्या दोन गोष्टी तशाच्या तशा लागू नाहीत.

२. एक टीप किती नगांनंतर बदलायची? शेठ आकडा मागतात.

शेठना नगांचा आकडा देऊ नका, मिनिटांचा द्या. कार्बाइड टीप धातूतून किती मीटर फिरली आणि किती वेगाने फिरली, यावर झिजते. नग किती झाले हे तिला माहीत नसतं.

हिशेब करून बघा. १०० मिमी व्यासाचा, ५० मिमी लांबीचा जॉब, फीड ०.३ मिमी प्रति फेरा, कटिंग स्पीड १५० मीटर प्रति मिनिट. टीप सुमारे ५२ मीटर धातू कापते, वेळ २१ सेकंद. आता व्हीटीएलवर १००० मिमी व्यासाची, २०० मिमी उंचीची रिंग घ्या. फीड तेच, स्पीड तोच. टेबल फिरेल जेमतेम ४८ आरपीएमने, आणि एका पासमध्ये टीप कापेल सुमारे २,०९० मीटर. वेळ १४ मिनिटं. म्हणजे लहान लेथवरचे चाळीस नग इथे एका पासमध्ये बसले.

टीप बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्त्यातले स्पीड बहुधा १५ मिनिटांच्या आयुष्याचा अंदाज धरून दिलेले असतात. तेव्हा वरच्या रिंगवर तक्त्यातला स्पीड लावला तर एक कोपरा, एक पास, एवढंच गणित उरतं. हे परवडत नसेल तर स्पीड कमी करा. कार्बाइडसाठी टेलरच्या सूत्रातला (स्पीड आणि टिपेचं आयुष्य यांचं नातं सांगणारं सूत्र) घातांक साधारण ०.२५ धरतात. त्या हिशेबाने स्पीड २० टक्क्यांनी वाढवला की आयुष्य निम्म्यावर येतं, आणि कमी केला तर तितक्याच झपाट्याने वाढतं. फीड किंवा डेप्थ वाढवल्याने आयुष्य एवढं घसरत नाही. म्हणून मोठ्या जॉबवर मी आधी स्पीडला हात घालतो, फीडला नाही.

फेसिंगचंही असंच. १००० व्यासापासून ४०० पर्यंत तोंड कापलं तर ०.३ फीडला सुमारे २,२०० मीटर होतात. लोक याला ‘छोटासा फेस कट’ म्हणतात.

३. काउंटर नाही, भिंग नाही. टीप संपली हे कशावरून ओळखू?

भिंग आणा, दहापट मोठं दाखवणारं साधं चालेल. बाजूच्या पृष्ठावर जो चकचकीत पट्टा पडतो तो झिजेचा. आयएसओ ३६८५ या मानकात कार्बाइडसाठी सरासरी ०.३ मिमी रुंद पट्टा ही आयुष्याची हद्द मानली आहे. पट्टा वेडावाकडा असेल तर सर्वांत रुंद जागी ०.६. रफिंगला (सुरुवातीच्या जाड कटला) तिथपर्यंत जायला हरकत नाही. फिनिशिंगची टीप त्याच्या बऱ्याच आधी बदलावी लागते, कारण साईज आणि फिनिश अगोदर जातात.

भिंग येईपर्यंत स्पिंडलचा लोड मीटर बघा. नव्या टिपेला त्याच कटवर जो लोड होता तो चॉकने पॅनलवर लिहून ठेवा. तो हळूहळू चढत गेला तर झीज, एकदम उडी मारली तर कोपरा उडाला. चिप्सचा रंग, आवाजातला फरक, काठावर वाढणारी बर हेही सांगतात, पण चिप्सच्या रंगावर एकट्यावर जाऊ नका. स्टेनलेस आणि बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) बाबतीत तो फसवतो.

४. टीप बदलायचा नेमका क्रम कसा असावा?

पास पूर्ण झाल्यावर रॅम वर आणि एक्स (आडवा अक्ष) बाहेर घ्या, जॉबच्या वरून पूर्ण हटवा. टेबल थांबू द्या. दोन-तीन टनांचं टेबल आणि जॉब स्टॉप दाबल्याबरोबर थांबत नाहीत, डोळ्यांनी थांबलेलं बघा. मग दार उघडा. दाराच्या इंटरलॉकला जम्पर मारून चालवणारी मशीनं आपल्याकडे आहेत. अशा मशीनवर टीप बदलू नका, आधी मेंटेनन्सला बोलवा.

हात घालण्याआधी मोड हँडलवर घ्या आणि टर्रेट (टूल बसवलेलं फिरतं डोकं) फिरवायची इंडेक्स आज्ञा कोणीही देणार नाही हे बघा. आत एक माणूस आणि पॅनलवर दुसरा, ही सगळ्यात वाईट जोडी. जो आत जातो त्यानेच पॅनल सांभाळायचं. रॅमच्या खाली वाकायचं असेल तर लाकडी ठोकळा लावा. इमर्जन्सी दाबल्यावर रॅम एखाद-दुसरा मिलिमीटर सरकताना दिसला तर झेडचा ब्रेक थकला आहे, आणि त्याच्याखाली डोकं घालणं बंद.

मग खाली फडकं किंवा ट्रे, आणि टीप ढिली. ती गरम असते आणि कड ब्लेडसारखी कापते, इथे हातमोजे हवेत. टेबल फिरत असताना मात्र हातमोजे नकोत, अडकले तर हात ओढला जातो. टीप काढली की पॉकेट ब्रशने साफ करा आणि बोट फिरवून बघा. एक बारीक चिप खाली राहिली तरी टीप तिरकी बसते. टिपेखालच्या शिमला (पातळ बसपट्टीला) तडा, खड्डा, कोपऱ्याचा चुरा असेल तर शिमही बदला. नवा कोपरा बसवला की टीप पॉकेटच्या दोन्ही भिंतींना दाबून धरूनच स्क्रू आवळा. शेवटी ऑफसेट, म्हणजे टूलचं टोक कुठे आहे हे कंट्रोलला सांगणारे आकडे (प्रश्न ७ आणि ८).

५. स्क्रू हातातून निसटून टी-स्लॉटमध्ये गेला. तसंच चालवलं तर?

चालवू नका. स्लॉटमध्ये पडलेला स्क्रू निरुपद्रवी वाटतो, पण तो जॉच्या तळाशी गेला की पुढचा जॉब टेबलवर सपाट बसत नाही, आणि मग तुम्ही दोन तास फेस का डुगडुगतो ते शोधता. टेबल फिरल्यावर उडून काचेवर आला तर वेगळंच. चुंबकाची काठी फिरवा. स्क्रू आणि शिम-पिन लोखंडी असतात, लगेच लागतात. कार्बाइडची टीपसुद्धा त्यातल्या कोबाल्टमुळे चुंबकाला थोडी चिकटते, पण ओढ कमजोर असते. सिरॅमिकची अजिबात लागणार नाही, तिला टॉर्च घेऊनच शोधावं लागेल.

जुनं गोणपाट किंवा रबरी चटई टूलखाली जॉबवर अंथरायची सवय लावा. आणि दार बंद करण्याआधी ती काढायची सवयही.

६. स्क्रू किती आवळायचा? आमचा काका पाइप लावून आवळतो.

काकांना पाइप ठेवायला सांगा. टिपेच्या पाकिटावर किंवा होल्डरच्या कॅटलॉगमध्ये टॉर्कचा आकडा असतो, तो न्यूटन-मीटरमध्ये आणि लहान असतो. टिपेच्या छिद्रातून जाणारा बारीक स्क्रू पाइप लावून आवळला की त्याची मान ताणली जाते. आज काही होत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी तो कटमध्ये तुटतो. कमी आवळला तर टीप हलते आणि कोपरा उडतो. टॉर्क रेंच नसेल तर होल्डरबरोबर आलेली छोटी चावी वापरा. तिची लांबीच हाताचा जोर मर्यादित राहावा म्हणून ठरवलेली असते. स्टार चावीची टोकं गोल झाली की चावी फेका. पन्नास-शंभर रुपयांच्या चावीसाठी होल्डर ड्रिल करायची वेळ येते.

७. फक्त कोपरा फिरवला. टीप तीच, डबा तोच. तरी साईज का गेली?

कारण टीप दिसते तेवढी अचूक नसते. सीएनएमजी १२०४०८ हे नाव घ्या. पहिलं अक्षर आकाराचं, म्हणजे ८० अंशांचा चौकट, दुसरं क्लिअरन्सचं (बाजूच्या पृष्ठाच्या उताराचं), आणि तिसरं अक्षर ‘एम’ हे मापातल्या सुटीचं. या आकारात एम वर्गाला आतल्या वर्तुळावर अधिक-उणे ०.०८ मिमी सूट असते, आणि कोपऱ्याच्या जागेवर त्याहून जास्त. तिसरं अक्षर ‘जी’ असेल, म्हणजे टीप ग्राइंड केलेली असेल, तर आतल्या वर्तुळावरची सूट ०.०२५ वर येते. एम वर्गात कोपरा एक दशांशाने सरकला तर व्यासावर त्याच्या दुप्पट फरक.

म्हणून रफिंगच्या टिपेला कोपरा फिरवल्यावर ऑफसेटला हात लावायची बहुधा गरज नसते. फिनिशिंगच्या टिपेला आधी वेअर (ऑफसेटमधली बारीक दुरुस्ती) सुरक्षित बाजूला द्या. बाहेरचा व्यास असेल तर तो ०.३ ने मोठा राहील असा. एक पास घ्या, मोजा, मग बरोबर साईजवर या. तीन टनी कास्टिंग स्क्रॅप होण्यापेक्षा एक जादा पास स्वस्त पडतो.

८. वेअरमध्ये प्लस की मायनस? दर वेळी गोंधळ होतो.

टूल जिकडे सरकायला हवं ती दिशा बघा, जॉब मोठा की लहान ते नाही. बाहेरचा व्यास ०.१२ ने मोठा आला तर टूल मध्याकडे जायला हवं, एक्समध्ये उणे ०.१२. बोअर ०.१२ ने लहान आला तर टूल मध्यापासून दूर जायला हवं, अधिक ०.१२. फेस ०.१ उंच राहिला तर झेडमध्ये उणे ०.१. एक्सचा आकडा बहुतेक मशीनवर व्यासाचा असतो, पण नव्या मशीनवर एकदा खात्री करा.

यातले दोन सापळे. ‘इनपुट’ दाबलं की जुना आकडा जाऊन नवा बसतो. ‘प्लस इनपुट’ दाबलं की आधीच्यात मिळतो. वेअरमध्ये आधीचा उणे ०.३० असताना उणे ०.१२ नुसतं इनपुट केलं तर जॉब लहान व्हायच्या ऐवजी ०.१८ ने मोठा होईल. दुसरा सापळा दशांश चिन्हाचा. पॅरामीटर कसा आहे त्यावर, टिंब न देता लिहिलेला १ हा एक मिलिमीटर किंवा एक मायक्रॉन ठरू शकतो. टिंब नेहमी द्या. बदललेला आकडा पुढच्या टी कोडच्या (टूल बोलावणाऱ्या आज्ञेच्या) वेळी लागू होतो, चालू पासमध्ये नाही.

९. टीप नाही, अख्खा होल्डर बदलला. आता काय काय करायचं?

आता जॉमेट्री पानावर (टूलच्या मूळ मापांच्या पानावर) नव्याने टच घ्यावा लागेल. व्यासावर हलका कट घ्या, एक्स न हलवता झेडने वर या, टेबल थांबवून मोजा, आणि मोजलेला व्यास एक्सच्या मेझरमध्ये भरा. फेसवर तसंच झेडचं. मशीनवर टूल सेटर असेल तर त्याला लावा, पण त्याच्या टोकावर चिप चिकटली नाही हे आधी बघा.

मग त्या टूलचं वेअर शून्य करा. हे विसरण्याचे फोन सर्वांत जास्त येतात. जॉमेट्री नवी आणि वेअर जुनं राहिलं की दोन्ही मिळून लागतात, आणि पहिला जॉब नेमका जुन्या वेअरइतका चुकतो.

होल्डर डावा की उजवा हेही तपासा. हाताप्रमाणे टेबलची फिरण्याची दिशा ठरते, एम ०३ किंवा एम ०४. उलट्या दिशेने फिरणाऱ्या जॉबवर टूल नेलं तर टीप पाठीवर मार खाते आणि पहिल्याच स्पर्शात जाते. होल्डर ब्लॉकमधून शँकच्या उंचीच्या दीडपटीहून जास्त बाहेर काढू नका. सेंटरचं म्हणाल तर मोठ्या बाहेरच्या व्यासावर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने साईजवर काही दिसत नाही. पण लहान बोअरमध्ये तो दिसतो, आणि केंद्रापर्यंत फेस करायचा असेल तर मधोमध टेंगूळ उरतं.

१०. ०.८ ची टीप संपली, स्टोअरने १.२ रेडियसची (टोकाची गोलाई) दिली. टाकू का?

सरळ व्यास आणि सरळ फेस असेल तर टच घेऊन टाका, साईज बिघडणार नाही. फिनिशही सुधारेल: ०.३ फीडला ०.८ च्या टिपेचे खाच-उंचवटे हिशेबाने १४ मायक्रॉनचे येतात, १.२ ला साडेनऊच्या आसपास. पण चॅम्फर, टेपर किंवा गोलाई असेल तर ऑफसेट पानावर आर च्या रकान्यात १.२ भरल्याशिवाय सायकल स्टार्ट नको. सरळ मापं बरोबर आणि तिरकी चूक, अशी तक्रार आली की मी आधी हाच रकाना विचारतो. शेजारचा टी रकाना, म्हणजे टिपेच्या टोकाची दिशा, टीप त्याच दिशेला असेल तर बदलायचा नाही.

ड्रॉइंगवर कोपऱ्यात १ मिमी गोलाई असेल तर १.२ ची टीप ती करूच शकत नाही. आणि बारीक भिंतीच्या रिंगवर मोठा रेडियस जोर वाढवतो, चॅटर (थरथर) येतो.

११. पासच्या मधोमध टीप तुटली. पहिलं काय करायचं?

फीडहोल्ड दाबा. फीडहोल्डने सरकणं थांबतं, टेबल फिरतच राहतं, आणि तेच हवं असतं. टेबल आधी थांबवलं तर तुटलेला तुकडा धातूत रुतून बसतो. मग हँडलने टूल धातूपासून दूर घ्या, रॅम वर, टेबल बंद. टीप तुटली त्या क्षणीची झेडची जागा लिहून ठेवा.

टीप बदलण्याआधी जॉबवर बोट नाही, टॉर्च फिरवा. कार्बाइडचा तुकडा धातूत घुसलेला असेल तर नवी टीप तिथे पोहोचली की तीही जाईल. तो ग्राइंडरने काढा. मग नवी टीप, वेअर सुरक्षित बाजूला (प्रश्न ७), आणि पास पहिल्यापासून. वरचा भाग हवेत कापला जाईल. वेळ जातो, पण मधूनच सुरू केलं तर जोडावर रेघ उरते आणि फिनिश पासमध्ये ती इन्स्पेक्शनच्या नखाला लागते. रफिंग असेल तर रेघेची चिंता नाही, तुटल्या जागेच्या थोडं वरून सुरू करा.

१२. पुन्हा सुरू करताना प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीवर जाऊ?

त्या टूलच्या पहिल्या ओळीवर, जिथे टी कोड, जी ५०, जी ९६ आणि एम ०३ आहेत. मधल्या जी ०१ वर कर्सर ठेवून सायकल स्टार्ट देणं ही व्हीटीएलवरची सर्वांत महाग सवय. जी ९६ मध्ये कटिंग स्पीड कायम राहतो, म्हणून टूल मध्याकडे जाईल तसा टेबलचा वेग चढतो. त्याला लगाम जी ५० चा. ती ओळ वगळली तर आधीची कुठलीतरी किंवा मशीनची कमाल मर्यादाच लागू राहते. १५० मीटरला १००० व्यासावर ४८ आरपीएम लागतात, १०० व्यासावर ४७८. वाल्व बॉडीसारखा एका बाजूला जड जॉब तीन जॉमध्ये धरून ४७८ ने फिरताना कोणाला बघायचा नसतो.

सुरू करताना सिंगल ब्लॉक, रॅपिड कमीतकमी, आणि नजर डिस्टन्स टू गो वर. स्क्रीन सांगते ५० बाकी, डोळ्यांना दिसतात ५, तर फीडहोल्ड.

१३. नवीन टीप टाकली की पाच मिनिटांत तुटते. डबा खराब आहे का?

क्वचित. आधी शिम बघा. तिच्यात खड्डा असेल तर टीप मधून अधांतरी राहते आणि कोपरा मोडतो, अशा होल्डरला कोणत्याही कंपनीची टीप द्या. मग स्क्रू (प्रश्न ६). मग जॉब: बोल्टची भोकं, कीवे, कास्टिंगची कातडी आणि त्यातली वाळू. पहिल्या कटमध्ये डेप्थ इतकी द्या की टिपेचं टोक कातडीच्या खाली, स्वच्छ धातूत चालेल. कातडीवर घासत चाललेल्या टिपेला डेप्थच्या रेषेवर खाच पडते.

रॅम किती बाहेर आहे तेही बघा. खोल बोअरमध्ये बारची लांबी आणि रॅमची लांबी मिळून लवचिकता येते. स्टीलचा बार व्यासाच्या चौपटीपर्यंत, कार्बाइडचा सहापटीपर्यंत, त्यापुढे डॅम्प केलेला बार लागतो. एवढं सगळं ठीक असूनही तुटत असेल तर ग्रेड फार कडक आहे, जास्त चिवट ग्रेड मागा (प्रश्न १७).

१४. एकाच पासमध्ये वरचा व्यास बरोबर, खालचा मोठा. मशीनची अलाइनमेंट गेली का?

आधी टीप बघा. नकारात्मक टिपेला (जिच्या बाजू सरळ उभ्या असतात) होल्डरमध्ये साधारण ६ अंशांचा क्लिअरन्स मिळतो. झिजेचा पट्टा ०.३ झाला की कड सुमारे ०.०३ मागे सरकते, व्यासावर ०.०६. पास वरून खाली गेला तर तेवढा खालचा व्यास मोठा, आणि बोअर असेल तर खाली लहान. नव्या कोपऱ्याने, कमी स्पीडने, एकच हलका फिनिश पास घ्या. टेपर निघून गेला तर टीप दोषी. तसाच राहिला तर मग डायल लावून रॅम तपासायला सांगा. उलट क्रमाने गेलात तर अलाइनमेंटवाल्याचं बिल येईल आणि टेपर तिथेच असेल.

१५. मे महिन्यात साईज बरोबर ठेवून पाठवलेला जॉब पार्टीकडे लहान भरतो. ऑफसेट तर बरोबर होता.

ऑफसेट बरोबर होता, जॉब गरम होता. स्टील एका मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. १००० मिमीची रिंग कातून ४५ अंशांवर आहे आणि मायक्रोमीटर ३५ वर, तर ०.११५ मिमीचा फरक तिथेच. स्टेनलेस ३०४ असेल तर ०.१७ च्या आसपास. मोजमापाचं अधिकृत तापमान २० अंश आहे आणि बडोद्याच्या मे महिन्यात ते शेडमध्ये कुठेच नसतं, म्हणून निदान जॉब, मायक्रोमीटर आणि मास्टर तिघं एका तापमानाला येऊ द्या. फिनिश पास शिफ्ट बदलताना किंवा जेवणाच्या सुटीनंतर ठेवा. तेवढ्या वेळात जॉब निवतो. गरम जॉब मोजून वेअर भरू नका, उद्याचा पहिला थंड जॉबही त्यात जाईल.

१६. पाणी (कूलंट) चालू ठेवायचं की बंद?

एक तर भरपूर, नाही तर अजिबात नाही. धार मधूनमधून लागली की तापलेल्या कार्बाइडला कडेला आडव्या बारीक भेगा पडतात. मोठ्या व्यासावर नळी टेबलबरोबर फिरत नाही हे खरं, पण टूल खाली जातं आणि नळी वरच राहते, हे नेहमी दिसतं. नळी रॅमला बांधा. बीडावर सिलिकॉन नायट्राइड सिरॅमिक बहुधा कोरडं चालवतात. कडक रिंगवर सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइडची टीप) तुटक कटमध्ये कोरडं बरं.

१७. डब्यावरच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या म्हणजे काय? एका कंपनीच्या बदल्यात दुसरीची टीप चालेल का?

रंग आयएसओ ५१३ चे आहेत. निळा पी म्हणजे स्टील, पिवळा एम म्हणजे स्टेनलेस, लाल के म्हणजे बीड, हिरवा एन म्हणजे ॲल्युमिनियमसारखे धातू, तपकिरी एस म्हणजे उष्णतेला टिकणारे मिश्रधातू आणि टायटॅनियम, राखाडी एच म्हणजे कडक केलेलं स्टील. पुढचा आकडा, समजा पी १५ किंवा पी ३५, वाढत जातो तशी टीप चिवट होते आणि झीज सोसण्याची ताकद कमी होते. गुळगुळीत सलग कटला लहान आकडा, धक्क्याच्या कटला मोठा.

दुसरी कंपनी चालते. नाव सारखं असलं की टीप होल्डरमध्ये बसणारच. पण चिपब्रेकरचं अक्षर प्रत्येक कंपनीचं आपलं असतं, त्यामुळे फीड नव्या डब्यावरचं घ्या. एकाच जॉबच्या अर्ध्यात कंपनी बदलू नका.

१८. आमच्या मशीनवर टर्रेट नाही, एटीसी (मॅगझिनमधून टूल आपोआप बदलणारी यंत्रणा) आहे. काय वेगळं?

टूलच्या मागचा कोन आणि रॅममधली त्याची जागा, दोन्ही स्वच्छ हवेत. तिथे चिकटलेली एक चिप टोकाला कितीतरी पट होऊन दिसते. टूल मॅगझिनमध्ये हाताने ठेवलं तर पॉट क्रमांक स्क्रीनवर जुळवा. तीन नंबरच्या पॉटमध्ये बोरिंग बार आणि स्क्रीनवर फेसिंग टूल, म्हणजे मशीन विश्वासाने चुकीच्या ऑफसेटने खाली येईल. बार जड असेल तर शेजारचे पॉट रिकामे ठेवायचे की नाही ते मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा.

१९. टूल लाइफ काउंटर लावला आहे, तरी टिपा जातात.

काउंटर नगांवर लावला असेल. वेळेवर लावा (प्रश्न २), आणि तोही फक्त कटिंगच्या वेळेवर. शिवाय काउंटर संपल्याचा इशारा बहुधा पुढच्या टूल कॉलच्या वेळी येतो. तेरा मिनिटं वापरलेल्या टिपेवर चौदा मिनिटांचा पास सुरू झाला तर काउंटर मधे थांबवणार नाही. पासची वेळ वजा करून मर्यादा ठेवा.

२०. दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत मशीन बंद होतं. सुरू केल्यावर सगळ्या टूलची साईज एकदम गेली.

एखाद्या टूलची गेली असती तर टीप. सगळ्यांची सारखीच गेली तर होम पोझिशन. एन्कोडरची बॅटरी सुटीत बसली की मशीन आपली जागा विसरतं. बॅटरीचा अलार्म दिसला तर कंट्रोल चालू ठेवूनच सेल बदला, बंद करून बदलले तर उरलीसुरली स्मृतीही जाते. मग होम पुन्हा सेट केल्याशिवाय एकाही ऑफसेटला हात लावू नका. बारा टूलचे ऑफसेट दुरुस्त करून बसाल आणि होम ठीक झाल्यावर बाराही चुकतील.

ऑफसेटचं पान सुटीआधी कार्डवर उतरवा आणि मोबाइलने फोटोही काढा. दसऱ्याला मशीनला हार घालता, त्याच दिवशी हे करा, लक्षात राहतं. सुटीनंतर पहिला जॉब लावण्याआधी मशीन वीस मिनिटं रिकामं फिरवा आणि स्लाइडवर तेल पोहोचलं का ते बघा.

२१. वापरलेल्या टिपांचं काय करायचं?

आधी खरंच संपल्या का ते बघा. सीएनएमजीचे ८० अंशांचे चार कोपरे झाले की लोक ती टाकतात. त्याच टिपेला १०० अंशांचे चार कोपरे शिल्लक असतात आणि त्यांच्यासाठी ७५ अंशांचा होल्डर मिळतो. रफिंगला ते कोपरे मूळच्यांपेक्षा मजबूत आहेत. कास्टिंगची कातडी काढायला मी तोच होल्डर पसंत करतो. वापरलेल्या कोपऱ्यावर मार्करने खूण करा, नाहीतर रात्रपाळीचा माणूस तोच पुन्हा लावतो.

खरोखर संपलेल्या टिपा वेगळ्या डब्यात. टंगस्टन आणि कोबाल्टमुळे कार्बाइडचा भंगार भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो, आणि चिप्सच्या ढिगात गेल्या तर शेठचे पैसे लोखंडाच्या भावाने जातात. सिरॅमिक आणि सरमेट त्यात मिसळू नका, भंगारवाला भाव पाडायला तेवढंच निमित्त शोधतो. डबा मोजून द्या, किलोच्या काट्यावर तुमच्यासमोर.